दोर पडला तेवढा

डॉक्टरेटचा प्रबंध किती पानांचा असावा, असं मला आजही कुणी विचारलं की माझे तळहात चुरचुरायला लागतात. पोरं बिचारी साधेपणानं विचारतात. दोनशे चालतील का, तीनशे लागतील का, तक्ते धरून की सोडून. मी तोंड उघडतो आणि आमच्या सरांचा आवाज कानात वाजतो, "मोजून कायले राह्यला बे? ज्याले पानं मोजा लागते त्यानं बुकं बांधाचं दुकान टाकाव!" मग मी काहीतरी गुळमुळीत बोलून पोरांना वाटेला लावतो. खरं उत्तर द्यायचं तर ही सगळी रामकहाणी सांगावी लागेल, आणि तेवढा वेळ त्यांना कुठला!

सर अमरावतीला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. लढाईचे दिवस होते. सी.पी. अँड बेरारचा कारभार नागपुरातून चाले, विद्यापीठही तिथंच, आणि रॉकेलपासून कागदापर्यंत सगळ्यावर कंट्रोल. सर उंच, वाळके, अंगात गुडघ्यापर्यंत काळा कोट आणि खाली धोतर. पण नजर आधी जायची ती त्यांच्या बोटांवर. दहाही बोटांची टोकं काळी पडलेली. बाजारात नवा माणूस त्यांना रंगारी समजे. तो काळेपणा चांदीच्या क्षाराचा होता. त्या क्षाराच्या औषधाची एक लहानशी शिशी त्यांच्या खिशात कायम असायची. पाण्यात दोन थेंब टाकायचे. पाणी गोडं असलं तर नुसतं धुरकट होतं, खारं असलं तर दही फुटावं तसं पांढरं होऊन खाली बसतं.

हा खेळ ते प्रयोगशाळेपुरता ठेवत नसत. एका बड्या वकिलांकडे लग्नाची पंगत होती. वकीलसाहेब स्वतः पाणी वाढत म्हणाले, "घ्या, आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत!" सरांनी भर पंगतीत शिशी काढली, पेल्यात दोन थेंब टाकले, पेला उजेडात धरून पाहिला आणि पानापासून हातभर दूर सारला. सगळं जेवण त्यांनी पाण्याशिवाय केलं, जिलबीसुद्धा सोडली नाही. वकिलांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी झापलं तेव्हा सर म्हणाले, "म्या जेवाले कुठी नाई म्हटलं? पाण्याले नाई म्हटलं."

पन्नास मिनिटांचा तास ते पंचवीस मिनिटांत संपवायचे आणि उरलेला वेळ खिडकीपाशी पाठमोरे उभे राहायचे. उठून जायची मात्र कुणाची छाती नव्हती. त्यावरूनही तक्रार झाली. "सांगाचं होतं तेवढं सांगून झालं," सर म्हणाले, "आता पोट्टे विचार करून राह्यले." कुणाच्या घरी कुणी गेलं की त्यांचं सांत्वनाचं पत्र एका ओळीचं असे. आणि त्यांचं गाव कोणतं, हे अख्ख्या कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "खालच्या अंगाचा." पुढे विचारायची सोय नसायची.

अशा माणसाच्या हाताखाली मी प्रबंध घेतला. विषय त्यांनीच दिला, खारपाण पट्ट्यातल्या विहिरी. अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये पूर्णेच्या दोन्ही अंगांना जी काळी जमीन पसरली आहे, तिच्या पोटातलं पाणी खारं. पिता येत नाही, पिकाला दिलं तर पीक जळतं. कोणत्या गावाची विहीर किती खारी, कुठे गोडी, आणि का, हे मला शोधायचं होतं. पहिल्या दिवशी सरांनी कपाटातून अंबाडीचा नवाकोरा दोर काढून माझ्या हातात दिला, चांगला चाळीस हात. "हा घे. शिश्या कुठीही भेटतीन." मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. गावात काय दोरांचा दुष्काळ पडला होता? मी तो सायकलच्या कॅरियरला बांधला आणि निघालो.

दोन वर्षं हिंडलो. भातकुलीपासून खाली पार अकोल्याच्या हद्दीपर्यंत एकशेचौसष्ट विहिरी पाहिल्या. आणि प्रबंध लिहिला चारशेबारा पानांचा!

आमची जात माळ्याची. गावाबाहेर वाडी, मेथी-पालक पिकवायचा आणि बाजारात विकायचा. घराण्यात मॅट्रिकपलीकडे गेलेला मी पहिला. बाबांना प्रबंध म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण जाडी कळत होती. टाइप केलेला गठ्ठा त्यांनी धुतलेल्या धोतरात बांधला आणि बाजारात नेऊन आजूबाजूच्या भाजीवाल्यांना दाखवून आणला. "गिऱ्हाईक अगोदर जुडी पाह्यते, मंग भाव पुसते," ते म्हणाले. "जुडी चांगली बांधली तुनं." प्राचार्यांचंही मत तेच. चारशेच्या खाली प्रबंध म्हणजे पोरखेळ, असं ते उघड म्हणत आणि प्रबंध आला की आधी हातावर तोलून पाहत.

हे सगळं एका जागेसाठी चाललं होतं. अकोल्याच्या नव्या कॉलेजात रसायनाच्या अध्यापकाची एक जागा निघाली होती. मार्चअखेर प्रबंध दाखल केल्याची विद्यापीठाची पोच जोडायची, नाहीतर अर्ज बाद. बाबा बाजारात सगळ्यांना सांगून बसले होते की पोरगा प्रोफेसर झाला. झाला, बरं का, होणार नव्हे! त्यांनी माझ्यासाठी वाडीतला एक तुकडा गहाण टाकलेला मला ठाऊक होता, आणि त्यामुळे रात्री मला झोप लागत नसे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी गठ्ठा घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांची सही झाली की सुटलो, अशा हिशेबानं.

सरांनी गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. "काकूले सांग," म्हणाले.

ही त्यांची रीत मी ऐकून होतो, पण खरी वाटली नव्हती. सर स्वतः कुणाचाही प्रबंध वाचत नसत. विद्यार्थ्यानं उभं राहायचं, एकेक इंग्रजी पान घ्यायचं आणि ते वऱ्हाडीत काकूंना सांगायचं. काकू म्हणजे त्यांची बायको. परतवाड्याकडच्या, चार बुकं शिकलेल्या, बोलणं मोजकं. त्या ओसरीत बसून सुपात तुरीची डाळ निवडायच्या. सर स्टुलावर भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसायचे. काकू "पुढं" म्हणाल्या की पान राहिलं. "हे मंगाशीच सांगतलं ना रे बाप्पा," म्हणाल्या की सर मागे न पाहता हात पुढे करायचे आणि ते पान त्यांच्या हातात द्यावं लागायचं. ते परत मिळत नसे. कागदाचा कंट्रोल होता, सर त्याच्या पाठीवर आकडेमोड करायचे.

पहिल्या दिवशी माझी चाळीस पानं गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं उन्हातान्हात सायकल हाणली ती काय एका बाईच्या सुपावर उधळायला? प्रस्तावना गेली. माझ्याआधी कोणत्या विद्वानानं काय म्हटलं याची सव्वीस पानं गेली. "त्यायनं म्हटलं, मंग तू काहून म्हणून राह्यला?" काकूंनी विचारलं आणि सरांचा हात पुढे आला. चौथ्या दिवसाअखेर चारशेबाराची दोनशेसाठ झाली होती. घरी बाबा गठ्ठ्याची जाडी चिमटीत धरून पाहत.

तरी मला धीर होता. कारण चौथं प्रकरण शिल्लक होतं, माझा हुकमी एक्का. भर खारपाणात मला छपन्न विहिरी गोड्या सापडल्या होत्या! खाऱ्या जमिनीत गोडं पाणी येतं कुठून? मी नव्वद पानं खर्चून सिद्ध केलं होतं की मेळघाटच्या डोंगरातून जमिनीखालून गोड्या पाण्याच्या शिरा इथवर येतात. नकाशे काढले होते, निळ्या शाईनं शिरा दाखवल्या होत्या. हे प्रकरण परीक्षकाला गार करणार, याची मला खात्री होती.

पाचव्या दिवशी दुपारी मी ते सांगायला लागलो. काकू निवडत होत्या. मी गावांची नावं घेत होतो, पाण्याचे आकडे सांगत होतो. एका गावाचं नाव घेतलं, भातकुलीच्या पलीकडचं आडबाजूचं गाव, आणि सुपाचा आवाज थांबला.

"कोणतं गाव म्हणालं?"

मी पुन्हा सांगितलं. "पाटलाच्या वाड्यामागची विहीर. पाणी गोडं, पिण्यास उत्तम."

"शिशी कोणी भरून देल्ली तुले?"

"एक उंच गृहस्थ होते. घारे डोळे, डाव्या पायानं लंगडत होते. फार अगत्य केलं त्यांनी."

"ते माहे भासरे," काकू म्हणाल्या. भासरे म्हणजे थोरले दीर. "ते माहं सासर हाये. त्या विहिरीचं पाणी म्या नऊ वर्सं वढलं. ते गोडं नाई."

मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करूनच बसले होते, पण डोळे उघडे होते. खालच्या अंगाचं ते गाव हेच, हे मला तेव्हा कळलं.

"माह्या बापालेई त्या घरात तांब्याभर पाणी देल्लं होतं," काकू सुपाकडे पाहत बोलत होत्या. "सोयरीक कराले आला तवा. बापानं पाणी पेलं, म्हणे वा, गाव चांगलं हाये, पाणी गोडं हाये. लगन झालं. म्या पह्यल्या दिवशी पाण्याचा घोट घेतला आन थुकून देल्ला. सासू म्हणे, पाणी गोडच हाये, तुहीच जीभ खारी."

"पण काकू, मी प्रयोगशाळेत तपासलंय," माझा आवाज चढला. "आकडा आहे माझ्याकडे!"

"दोर आन," सर भिंतीला म्हणाले.

"काय?"

"तुले देल्ला होता तो दोर. बाहीर सायकलले बांधेल हाये ना? आन."

मी दोर आणला. सर पहिल्यांदा वळले. त्यांनी दोराची घडी उलगडली. टोकाकडचा भाग काळपट झाला होता, बाकीचा पिवळाधम्मक, दुकानातल्या घड्या मोडल्या नव्हत्या. सरांनी आपली काळी बोटं त्या कोऱ्या अंबाडीवरून फिरवली.

"एकशेचौसष्ट विहिरीत बुडेल दोर असा राह्यते?"

मी दोराचं काळपट टोक उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"बाप दाखव नाई तं सराध घाल. किती विहिरीत टाकला?"

"एकतीस," मी म्हणालो.

खरं होतं ते. पहिल्या एकतीस विहिरींवर मी स्वतः दोर टाकला. मग एका गावी कुणीतरी म्हणालं, साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, बसा, आम्ही भरून आणतो. बाज टाकली, चहा दिला. साहेब! मला तोवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. आमच्या घरी विहिरीवर पाणी ओढायचं काम मीच लहानपणापासून केलेलं. मला ते फार आवडलं, उगाच का खोटं बोलू. पुढच्या एकशेतेहतीस गावांत मी बाजेवर बसलो, चहा प्यालो, भरून आलेल्या शिश्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आणि साहेब म्हणवून घेतलं.

"सगळ्याच खोट्या नसतील," मी कसाबसा बोललो.

"नसतीनच. कोणत्या खऱ्या?"

मुदतीला सतरा दिवस उरले होते. मी अक्षरशः गयावया केली. सर, बाबांनी जमीन अडकवली आहे, जागा जाईल, आता सही करा, पुढे मी सगळ्या विहिरी पुन्हा करीन. सरांनी ऐकून घेतलं. दोराची नीट घडी घालून माझ्या हातात ठेवली.

"जेवढ्या विहिरीत तुहा दोर पडला तेवढा तुहा प्रबंध. म्या मंग एका पानावरई सही करीन. पह्यले आमच्याच गावाले जाय."

मी त्या दिवशी घराबाहेर पडताना त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात पोचलो. थोरले ओट्यावरच होते. मला पाहून लगबगीनं उठले. "या या साहेब! निरोप आनला काय?"

"कसला निरोप?"

"आता पोरीकडच्यायचा, आनखी कोनाचा!" ते हसले. आत कुणीतरी पोह्यांची घाई करत होतं. दारात सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण नवा सदरा घालून उभा होता, सरांच्याच चणीचा.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खारपाणात कुणी मुलगी देत नाही. दिली तर तिचा जन्म दुरून पाणी वाहण्यात जातो. म्हणून मुलीकडचा माणूस आधी गुपचूप गावात येतो आणि विचारतो, पाणी कसं आहे, बारमाही आहे का, पिता कोणतं. मी कोट घालून, वही घेऊन, सायकलवरून दोन वर्षं गावोगाव नेमके हेच प्रश्न विचारत हिंडलो होतो! ज्या घरात लग्नाचा मुलगा, त्या घरात पाहुण्यांसाठी तीन कोसांवरून बैलगाडीनं आणलेल्या गोड्या पाण्याचा एक रांजण झाकून ठेवलेला असायचा. माझ्या शिश्या त्या रांजणातून भरल्या होत्या. मेळघाटातून येणाऱ्या माझ्या भूमिगत शिरा म्हणजे बैलगाडीची चाकोरी होती.

"मला विहिरीवर जायचंय," मी म्हणालो आणि दोर खांद्यावर घेतला.

थोरल्यांचा चेहरा उतरला. "कायले? बसा ना. मी भरून आनतो."

"नाही. मी ओढतो."

ते लंगडत माझ्या आणि विहिरीच्या मध्ये येऊन उभे राहिले. गावातली चार माणसं जमली. मला वाटलं आता हात टाकतात. "कोनी धाडलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

मी सरांचं नाव घेतलं. थोरले बराच वेळ माझ्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहत राहिले, सरांच्यासारखीच ती माझीही झाली होती. मग बाजूला झाले. मी दोर टाकला, पाणी ओढलं, शिशीत घेतलं आणि दोन थेंब सोडले. पाणी पांढरं फटक झालं. दारातला तरुण आत निघून गेला.

"तीन सोयरिका मोडल्या त्याच्या," थोरले हलक्या आवाजात म्हणाले. "पोट्ट्याचं लगन होऊ द्या साहेब, मंग लिवा. तुमचे हात जोडतो." आणि खरोखरच त्यांनी हात जोडले. मला त्या क्षणी तो प्रबंध, ती जागा, सगळं विहिरीत टाकून द्यावंसं वाटलं.

परत येऊन हे सरांना सांगितलं तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. "भाऊ होय तो माहा," एवढंच म्हणाले. मग खिडकी ओढून घेत, "लिव."

पुढचे बारा दिवस मी उन्हात विहिरी ओढल्या. तळहाताचे फोड फुटले, त्यावर चिंध्या बांधल्या. दोर टाकायला गेलो की लोक धावत येत, साहेब राहू द्या, आम्ही आणतो. एका म्हाताऱ्यानं दोर धरूनच ठेवला. "खारं हाये बाप्पा, खारं हाये. ठाऊक हाये ना तुमाले? मंग लिवू नोको." मी म्हटलं, बाबा, सरकारच्या कागदावर गोडं लिहिलं तर तुमच्या गावाला गोडं पाणी आणून देणार कोण? त्यानं दोर सोडला, पण त्याचं समाधान झालं होतं असं मी म्हणणार नाही. सरांच्या गावची धरून सत्तावीस विहिरी झाल्या. आधीच्या एकतीस धरून अठ्ठावन्न.

प्रबंध झाला एकसष्ट पानांचा. छपन्न गोड्या विहिरींपैकी गोड्या राहिल्या दोन. नव्वद पानांचं चौथं प्रकरण गेलं आणि त्याच्या जागी अर्धं पान आलं. प्राचार्यांनी तो हातावर तोलला आणि विचारलं, "ही अनुक्रमणिका वाटतं?" बाबांनी धोतरात बांधायला घेतला आणि तसाच ठेवून दिला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. अकोल्याची जागा मला मिळाली नाही. मुलाखतीत माझ्या आधीच्या उमेदवाराचा पाचशे पानांचा प्रबंध टेबलावर होता, त्याच्याशेजारी माझा ठेवला तेव्हा समितीतला एक जण हसला. डॉक्टरेट वर्षभरानं मिळाली. नोकरी त्यानंतर आणखी दोन वर्षांनी, तीही आधी शाळेत. वाडीचा तुकडा सोडवेपर्यंत बाबांचे केस पांढरे झाले. सरांच्या थोरल्या भावानं सरांशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. पुतण्याचं लग्न झालं; मुलगी कशी मिळाली, पाणी सांगून की न सांगता, ते मला ठाऊक नाही. यातलं काही मी सरांना माफ केलं असं नाही. कित्येक वर्षं मी त्यांच्या घराच्या रस्त्यानं जायचं टाळत होतो.

पण मला ती शेवटची दुपार सांगायची आहे.

नागपूरची गाडी संध्याकाळी होती. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. मी एकसष्ट पानं घेऊन ओसरीत उभा राहिलो. पुन्हा तेच, काकूंच्या हातात सूप, सर भिंतीकडे तोंड करून. पण या वेळी दौत-टाक त्यांच्या मांडीवर होते. मी एकेक पान सांगत गेलो. काकू "पुढं, पुढं" म्हणत गेल्या. एकही पान गेलं नाही. घड्याळ पुढे जात होतं. गाडी चुकली असती तर सगळं संपलं होतं.

एकोणचाळिसाव्या पानावर मी ते गाव वाचलं. "पाटलाच्या वाड्यामागची विहीर. पाणी खारं. माणसाला पिण्यास अयोग्य."

सूप थांबलं.

मी पुढचं पान काढलं. काकू "पुढं" म्हणाल्या नाहीत. मी सरांकडे पाहिलं, त्यांनी हात पुढे केलेला नव्हता.

"पुन्ना सांग," काकू म्हणाल्या.

"पाणी खारं. माणसाला पिण्यास अयोग्य."

"हे इंग्रजीत लिवेल हाये?"

"हो."

"छापेल?"

"टाइप केलेलं. चार प्रती. एक विद्यापीठात राहील, कायमची."

काकूंनी सूप खाली ठेवलं. डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. "नऊ वर्सं माही जीभ खारी होती," त्या म्हणाल्या. "घरच्या सगळ्यायनं सांगतलं. गावानंई सांगतलं."

मग सर बोलले. भिंतीकडेच तोंड होतं. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नाही.

"तुह्या बापाले पाजला तो तांब्या म्या भरून आनला होता. तीन कोसावरून."

मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. काकूंनी सूप पुन्हा उचललं आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले पह्यल्या दिवसापासून ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "पोट्ट्याची गाडी जाईन. सही करा."

उरलेली बावीस पानं सांगायची राहूनच गेली. सरांनी टाक दौतीत बुडवला आणि चारही प्रतींवर सही केली. माझ्याजवळच्या प्रतीवर ती जरा वाकडी आहे, आणि तिच्याशेजारी त्यांच्या काळ्या बोटाचा एक ठसा उमटला आहे.